टँकरवरचे मल्लप्पा

मल्लप्पा हलगे माणसाची ओळख करून घ्यायचे ती त्याच्या काखेत हात घालून. पहिल्या दिवशी मैदानावर आले, कडेला चपला काढल्या, समोर उभ्या असलेल्या सतरा पोरांपैकी पहिल्याच्या काखेत दोन्ही हात घातले आणि त्याला जमिनीपासून वीतभर वर उचललं. क्षणभर धरून ठेवलं, खाली सोडलं.

"अठ्ठावन. वजन बुडाला हाय, पाठीमागं ठिवू. फुडचा."

असे सतराही झाले. "त्रेसष्ट, पन भाकरीचं हाय, पळून जाईल." "एक्कावन. वाऱ्यानं उडशील रे, कडंनं पळ." पोरं हसून बेजार. शेवटी मीही गमतीनं म्हणालो, "मल्लप्पा, मला नाही तोलणार?"

"तुमी खेळनार हाव का सर?" असं विचारून ते पोरांकडे वळले.

मल्लप्पा लातूरच्या आडत बाजारात तोलार होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. मूळ गाव उदगीर. तरुणपणी दहा वर्षं सिकंदराबादला मामाच्या दुकानात होते आणि तिथल्या एका मोहल्ल्याच्या संघातून फुटबॉल खेळले होते. हे आम्हाला सांगितलं समीरनं. समीर आमच्या कॉलेजच्या संघाचा कप्तान, त्याचे वडील त्याच बाजारात हमाली करत.

मी त्या कॉलेजचा क्रीडा संचालक. माझं आयुष्य कबड्डीत गेलेलं, फुटबॉलमधलं मला ऑफसाइडसुद्धा धड कळत नव्हतं. आमचा संघ दरवर्षी नांदेडला जायचा, पहिल्याच सामन्यात हरायचा आणि दुपारच्या एसटीनं परत यायचा. ते माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. निदान एक सामना जिंकून निवृत्त व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून मी स्वतः आडत बाजारात गेलो आणि मल्लप्पांना म्हणालो, संध्याकाळी तासभर या.

ते म्हणाले, "तासभर न्हाई जमायचं. येईन तर रोज येईन, अन् पोरं बी रोज आली पायजेत. एक दिवस काटा लावला, एक दिवस न्हाई, असं बाजारात चालत न्हाई."

सुट्टीच्या दिवशी बाजार बंद असायचा. तेव्हा ते संघाला तिथल्या सिमेंटच्या ओट्यावर न्यायचे. ओट्यावर सांडलेलं सोयाबीन पसरलेलं असायचं. त्यावरून चेंडू न्यायला लावायचे. गोल, गुळगुळीत दाणे. पहिल्या दिवशी सगळा संघ आडवा. गोलरक्षक बालाजी तर बसूनच राहिला, उठेना. मल्लप्पा कडेला उभे राहून म्हणत होते, "लांब टांग टाकलाव की पडलाव. बारीक पाय टाका, बारीक. सोयाबीनवर जो उभा ऱ्हायला त्याला गवतावर कोन पाडतंय?"

महिन्याभरात ती पोरं दाण्यांवरून असं पळू लागली की बघत राहावं. किनवटकडच्या आश्रमशाळेतून आलेला लक्ष्मण, तोच तो एक्कावन किलोचा, त्याला तर वळताना पाय टेकलेला दिसायचा नाही.

मल्लप्पा मैदानावर ओरडत नसत. त्यांच्या वडिलांच्या काळात बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदे होत. बाजूच्या माणसाला भाव कळू नये म्हणून. तीच रीत त्यांनी मैदानावर आणली, फक्त रुमाल वर आला. रुमाल डाव्या खांद्यावर टाकला की चेंडू लक्ष्मणकडे. उजव्या खांद्यावर टाकला की समीरकडे. मूठ दाखवली की सगळे मागे. पाचही बोटं उघडली की सगळे पुढे. "वरडलं की समोरच्याला बी ऐकू जातंय. सौदा गुपचूप करावा," असं त्यांचं म्हणणं. शाबासकीतही ते असेच कंजूष होते. फारच चांगलं काही झालं तर उदगीरच्या कानडीत म्हणायचे, "साकु." पुरे झालं. एकदा लक्ष्मणला साकु मिळालं तर त्यानं ते होस्टेलभर सांगितलं.

विद्यापीठाच्या स्पर्धेची प्रवेशिका भरायची वेळ आली. तिच्यात दोन रकाने असतात, एक प्रशिक्षकाचा, एक व्यवस्थापकाचा. ज्यांची नावं त्यात असतात त्यांनाच सामन्याच्या वेळी खेळाडूंच्या बाकावर बसता येतं. मल्लप्पांचं नाव घालायला कसलीही आडकाठी नव्हती. मी प्रशिक्षकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. व्यवस्थापक म्हणून मराठीच्या एका प्राध्यापकांचं लिहिलं, ते नांदेडला आलेही नाहीत. विद्यापीठ दरवर्षी विजेत्या संघाच्या प्रशिक्षकाचा सत्कार करतं. जिंकलो तर निवृत्तीच्या वर्षी माझा होईल, हा विचार तेव्हा माझ्या मनात होता. आज तो लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी मल्लप्पांनी विचारलं, "सर, नाव घातलाव का माजं?"

"घातलं," मी म्हणालो.

ते खूश झाले. पोरांना म्हणाले, "बगा रे, आता तुमी हारलाव तर माजं नाव जाईल."

आणि पोरं हरलीच नाहीत. पहिला सामना उदगीरशी, दोन-शून्य. आम्ही पहिल्यांदा नांदेडला मुक्काम केला. कुणाला सवयच नव्हती, अर्ध्या संघानं दुसरा टॉवेल आणला नव्हता. दुसरा सामना कंधारशी. चार-एक. लक्ष्मणनं डाव्या कडेनं इतक्या वेळा चेंडू नेला की त्यांचा बचाव करणारा मुलगा शेवटी कमरेवर हात ठेवून उभाच राहिला आणि म्हणाला, "जा बाबा, जा तू." उपांत्य सामना बरोबरीत सुटला, पेनल्टीवर गेला. बालाजीनं दोन अडवल्या. दुसरी अडवल्यावर तो इतका हबकला की चेंडू पोटाशी धरून पंचांनाच विचारू लागला, "आता काय करू?" मी बाकावर चढून नाचलो होतो. वयाच्या साठाव्या वर्षी. त्या आठवड्याइतका आनंद मला पुढे कधी झाला नाही. या सामन्यांत बाकावर कोण बसलंय हे कुणी तपासलं नाही. मल्लप्पा माझ्या शेजारी, पायाशी चपला जुळवून, रुमालाशी चाळा करत बसायचे.

अंतिम सामना नांदेडच्या संघाशी. तो वर्षानुवर्षं विजेता होता. मैदानाला बांधलेल्या दोरीच्या आत प्रेक्षकांचे पाय यायला लागले इतकी गर्दी. खेळ सुरू व्हायच्या आधी एक अधिकारी हातात यादी घेऊन आमच्या बाकापाशी आले. मल्लप्पांकडे बघून म्हणाले, "आपण कोण? यादीत आपलं नाव नाही."

"असंल की. हलगे बगा," मल्लप्पा म्हणाले.

अधिकाऱ्यांनी यादी त्यांच्यापुढे धरली. मल्लप्पांनी बोट ठेवून दोन्ही रकाने वाचले. मग माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधत होतो. ती आधीच बांधलेली होती.

"बराबर हाय सायेब," ते अधिकाऱ्यांना म्हणाले. "यादीत न्हाई तर न्हाई." त्यांनी चपला उचलल्या, हातातच धरल्या आणि दोरीच्या बाहेर गर्दीत गेले.

समीरनं मला विचारलं, "सर, अप्पा कुठं गेले?"

"बाहेरून बघतो म्हणाले," मी सांगितलं. हे माझं दुसरं खोटं.

पहिल्या अर्ध्यात आमचा संघ बावचळलेला होता. पोरं चेंडू मिळाला की बाकाकडे बघायची, मग चेंडू घालवायची. विसाव्या मिनिटाला आमच्यावर गोल झाला. मध्यंतराला मी उभा राहून त्यांना काहीतरी सांगू लागलो. हिंमत सोडू नका, कॉलेजची शान, असलं काही. बोट वर करून बोलत होतो. माझ्या लक्षात आलं की कुणी माझ्याकडे बघत नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्या कानाजवळून मागे गेल्या होत्या.

"सर, जरा सरका," समीर म्हणाला. "अप्पा दिसंनात."

मी मागे वळलो. दोरीच्या पलीकडे, मैदानावर पाणी मारणारा टँकर उभा होता. त्याच्या टाकीवर मल्लप्पा अनवाणी उभे होते. रुमाल डाव्या खांद्यावर.

मी दीड हात सरकलो. त्या अंतिम सामन्यातलं माझं योगदान एवढंच.

पुढची पंचेचाळीस मिनिटं मी विसरू शकत नाही. टँकरवर रुमाल डावीकडून उजवीकडे जायचा आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला समीर हलायचा. मूठ दिसली की सगळे सर्रकन मागे. नांदेडच्या पोरांना कळेना की कुणी हाक न मारता ही अकरा पोरं एकदम वळतात कशी. साठाव्या मिनिटाला समीरनं बरोबरी केली. मग खेळ अडकला. ते दाबत होते, बालाजी झेपा घेत होता, घड्याळ संपत आलं होतं. मी टँकरकडे पाहिलं. पाच बोटं उघडी आणि रुमाल पुन्हा डाव्या खांद्यावर. लक्ष्मणनं चेंडू घेतला. बारीक पाय. एकाला चुकवलं, दुसरा अंगावर आला तेव्हा हा असा काही वळला की तो गडी आपोआप बसला. मग शेवटच्या क्षणी, पडता पडता, डाव्या पायानं चेंडू कोपऱ्यात.

शिट्टी वाजली तशी पोरं धावत सुटली. माझ्याकडे नाही, टँकरकडे. टाकीवर कुणी नव्हतं. दोरीशी उभा असलेला टँकरवाला म्हणाला, "लातूरची गाडी हाय म्हनले, उद्या काटा हाय. गेले की आत्ताच." आणि म्हणाला, "जाताना एकच शबुद बोलले. साकु का काय ते."

कप मी घेतला. भाषण मी केलं. त्यात मल्लप्पांचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात मध्यंतराचा फोटो आला, मी बोट वर करून बोलतोय आणि पोरं कान देऊन ऐकतायत. पुढे विद्यापीठाची शालही मिळाली. कॉलेजच्या जिमखान्यातल्या फलकावर अजून माझंच नाव आहे. मल्लप्पा त्यानंतर मैदानावर आले नाहीत. पोरं त्यांना बाजारात जाऊन भेटत. मला रस्त्यात भेटली की नमस्कार करत, थांबत नसत. पुढच्या वर्षी संघ पहिल्या सामन्यात हरून दुपारच्या एसटीनं परत आला.

यालाही आता बारा वर्षं झाली. यंदा कॉलेजची स्मरणिका निघते आहे. संपादकांनी मला फोन करून सांगितलं, "सर, तुमच्या मार्गदर्शनाखालच्या त्या विजयावर लिहा." मी हो म्हणालो आणि तीन आठवडे कागद कोरा ठेवला. मग नांदेडच्या त्या फोटोग्राफरकडे गेलो. त्याच्याकडे मूळ फोटो अजून होता. बाजूनं काढलेला, पेपरातल्यापेक्षा बराच रुंद. पेपरानं त्याची डावी बाजू कापली होती. त्या भागात टँकर होता. तो पाहिला आणि तिथून तसाच उदगीरची गाडी धरली.

मल्लप्पा आता मुलाच्या किराणा दुकानात बसतात. मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. मला बघून उठले. मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून पाहिला.

"लक्ष्मणच्या बुटाची लेस सुटलीय," ते म्हणाले. "तवा वरून दिसली न्हाई मला."

"मल्लप्पा," मी म्हणालो, "तुम्ही विचारलं होतं, नाव घातलं का. मी घातलं म्हणालो. घातलं नव्हतं."

"ठावं हाय की. वाचलो न्हाई का मी."

"राग आला असेल."

"आला. कामून येनार न्हाई? दुसऱ्या दिवशी काट्यावर तीन पोती चुकलो. हयातीत माजं पोतं चुकलं नव्हतं. शेतकरी म्हनला, जाऊ द्या अप्पा. पन मला लाज वाटली. तवा ठरवलो, आता मैदानावर जायचं न्हाई. तितं गेलो की काटा बिघडतोय."

मी मान खाली घालूनच स्मरणिकेबद्दल सांगितलं. त्यांच्या सुनेनं चहा आणला. त्यांनी माझ्यापुढे कप सरकवला.

"आता लिवायलाव म्हना की?"

"हो. सगळं लिहिणार आहे."

"मग बराबर लिवा. दुसरा गोल लक्ष्मणचा. पेपरात दोनी बी समीरच्या नावावर घातलेत. त्या पोराच्या आईनं किनवटहून पेपर मागवला हुता, त्यात त्याचं नावच न्हवतं."

हे मला माहीत नव्हतं. बारा वर्षं मी एकच चूक मोजत बसलो होतो.

"आणि तुमचं?"

"माजं बी लिवा की. सोडताव काय?" ते हसले. "मल्लप्पा सिद्रामप्पा हलगे, तोलार. तोलार आधी लिवा, कोच मागनं."

निघताना ते दुकानाच्या पायरीपर्यंत आले. मी चपला घालत होतो तर म्हणाले, "सर, थांबा. तुमचं त्या वर्सी ऱ्हायलंय." आणि माझ्या काखेत हात घातले. पूर्वीसारखं वीतभर जमलं नाही, टाचा तेवढ्या सुटल्या. समोरचा पानवाला हसायला लागला.

"चौसष्ट," ते म्हणाले. "तवा सत्तरच्या वर हुताव. जेवताव का न्हाई?"

प्राचार्यांना फलकाबद्दल वेगळं पत्र दिलं आहे. त्यात प्रशिक्षक म्हणून मल्लप्पांचं नाव लिहावं आणि दुसरा गोल लक्ष्मणचा, हेही नोंदवावं, असं म्हटलं आहे. माझं नाव काढून टाकावं, असंही. संपादकांना मात्र इथेच विनंती करतो. लेखासोबत फोटो पाठवत आहे. जागा कमी पडली तर माझ्या लेखातल्या चार ओळी काढा. फोटो डावीकडून कापू नका.