वॉशर गेलेला पंप

रबर सोल्यूशनचा वास आला की मला सिंहगड रस्त्यावरची ती सायकल शर्यत आठवते. साठीपुढच्या हौशी मंडळींची, शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची. शनिवारी आमचे शेजारी पहिले आले आणि संध्याकाळभर माझी बायकोसुद्धा त्यांचंच कौतुक करत राहिली. मी आतून जळत होतो. रविवारी धायरीजवळ ते ट्यूबला ठिगळ लावून बसलेले दिसले. "अहो, पंप द्या जरा, तुम्हाला पुन्हा हरवायचंय!" ते हसत म्हणाले. "वॉशर गेलंय हो त्याचं," असं खोटंच सांगून मी पुढे गेलो आणि जिंकलो. मला बक्षीस देताना टाळ्या त्यांनीच सुरू केल्या. इतक्या वर्षांनी काल त्यांच्याकडे जाऊन मी खरं सांगितलं. "माहीत होतं," ते म्हणाले, "त्याच सकाळी पार्किंगमध्ये त्या पंपाने हवा भरताना पाहिलं होतं तुम्हाला."