कंट्रोलरशिवाय दिलेली बॅटरी

मी लिहावं एवढा मोठा नाही, चुकलं तर माफ करा. पण आज कॉलेजच्या लॅबमध्ये उकळत्या बॅटरीचा आंबट वास आला आणि आमगावचा सोलरवाला आठवला. "छोटे पैनल को काहे का कंट्रोलर?" म्हणत त्यानं बाबांना घरच्या सोलर पॅनलसाठी नुसती बॅटरी दिली. बारावी सायन्स झालेला मी शेजारी गप्प उभा होतो.

उन्हाळ्यात ती उकळून कोरडी पडली. बाबांनी तिच्यात डिस्टिल्ड पाण्याऐवजी विहिरीचं पाणी ओतलं. "तुमीच बिघडवली," मी सगळ्यांसमोर ओरडलो.

वीज वेळेत थांबवणारा कंट्रोलर नसल्यानं भरलेल्या बॅटरीतही पॅनल वीज ढकलतच होतं, बॅटरी त्यानंच बिघडली, विहिरीचं पाणी नंतरचं, हे आज कळलं. त्या दुकानदाराचा संताप येतो, त्याहून जास्त माझा.

हे सांगायला संध्याकाळी घरी फोन केला. आई म्हणाली, "नवी बॅटरी आणली. पण तुझे बाबा तिले हात नाही लावत. माह्या हातानं बिघडते म्हणतेत."