शेजारच्या कॉटचा हेवा

"उठीव तुझ्या मायला. कॉट रिकामी पायजे."

वॉर्डबॉय मामानं माझ्या उत्तराची वाटबी बघितली न्हाय. मायच्या पायावरचं पांघरूण वढलं. तिच्या नाकावर ऑक्सिजन होता. दम लागलेला, बोलता येत न्हवतं. ती माझ्याकडं बघत होती अन् मी मामाकडं.

हायवेवरचा एका ट्रस्टचा दवाखाना. दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, सर्वांसाठी. म्हणून तर मायला जीपमधी घालून आणलं होतं.

कॉट पायजे होती आमच्याच गावच्या पाटलाच्या आईला. मोठ्या बाई म्हणतो आमी त्यांना. मायनं उभा जन्म त्यांचा गोठा झाडला, भांडी घासली. तिचं गुडघं गेलं तवा ते काम माझ्याकडं आलं. दोघी एकाच वयाच्या. दोघींना दमाच. बाईंच्या लेकानं गाडीतनंच फोन लावला होता, एवढाच काय तो फरक.

मी विचारलं, मायला कुठं न्यायचं. मामानं खिडकीखालची चटई दाखवली. मी म्हणाले, ऑक्सिजनची नळी तिथवर पोचत न्हाय. तवा तो सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलला,

"तुमी येशूवाली न्हवं? प्रार्थनेनं बरं होता म्हणं. मग कॉट कशाला पायजे?"

लोक हसले. सलाईन लावलेला एक पेशंट, त्योबी हसला.

आमी आज्याच्या काळापासनं ख्रिस्ती. गावानं आमची जुनी जात कधी इसरली न्हाय, अन् नव्या देवाची चेष्टा करायला तेवढं शिकलं. मी नाकावरची नळी सोडवली. मायला काखंत धरून खाली घेतलं.

कॉटवर धुतलेली चादर आली. मायला चादर न्हवतीच. मग डॉक्टर आले. बाईंच्या कॉटच्या कडेला बसले. त्यांचं मनगट हातात घेतलं.

"आजी, जीभ दाखवा बरं," म्हणाले.

आजी. मायला त्यांनी उभ्यानंच तपासलं होतं. छाती तपासायची नळी लावली तीबी लुगड्यावरनं, बोट लागू न देता. मी चटईवर बसून त्या मनगटाकडं बघत ऱ्हायले. तो हात मला पायजे होता. माझ्या मायच्या मनगटावर.

माय अर्ध्या श्वासानं घरी आली. मोठ्या बाईबी बऱ्या होऊन आल्या. वसरीवर बसून वाफेचं मशीन तोंडाला लावायच्या. मी मोरीत भांडी घासायचे. हात राखेत, कान मशीनकडं. घर्रघर्र आवाज व्हायचा अन् बाईंची छाती मोकळी व्हायची. मला वाटायचं, मायच्या वाटणीची हवा हीच वढून घेतीय. बाई काय वाईट न्हवत्या. मायची चौकशी करायच्या, वरच्या हातानं, भांडं लागू न देता, माझ्या कपात च्या वतायच्या. त्या जितकं गोड बोलायच्या तितकी मी जास्त जळायचे.

आमचं चर्च म्हंजे पत्र्याचं शेड. पास्टर मनाचा चांगला माणूस. मायच्या कपाळाला तेल लावून, रडून प्रार्थना करायचे. एका रविवारी त्यांनी बायबलातल्या आज्ञा समजावल्या. शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको, त्याच्या बैलाचा धरू नको. मी नीट ऐकलं. त्यात कॉटचं नाव न्हवतं.

मग त्यांनी कुणासाठी प्रार्थना करायची ते विचारलं. बाया एकेक दुखणं सांगत होत्या. मी उभी ऱ्हायले. म्हणाले,

"माझ्या मायला बरं कर असं मागू नका. आजारी पडंल त्या परतेकाला कॉट मिळू दे, असं मागा. अन् मागून झालं की माझ्यासंगं दवाखान्यात चला."

पास्टर हळूच म्हणाले, बाई, हे राजकारण झालं. मी म्हणाले, मायला खाली झोपवलं ते काय होतं मग?

सुगीत मायचा दम पुन्हा वाढला. तोच दवाखाना. बाकी कुणी आलं न्हाय, पास्टर मातर आले. कॉट मिळाली, ऑक्सिजन लागला. दुपारी कामाचे ठेके घेणाऱ्या एका गुत्तेदाराची सासू आली. मोठी माणसं संगं. मामा सरळ आमच्याकडं आला.

मी चप्पल काढली, कॉटवर चढले अन् मायला मागनं मिठी मारून बसले.

"न्हाय उठत," म्हणाले.

मामा वरडला. सिस्टर आली. मी म्हणाले, त्या म्हातारीलाबी श्वास पायजे, तिलाबी खाली ठिवू नका, दुसरी कॉट आणा. सिस्टर म्हणाली, कॉटच न्हाईत. पास्टर पायथ्याशी हात जोडून डोळं मिटायला लागले.

"पास्टर, डोळं उघडं ठिवा," मी म्हणाले. "अन् इथंच उभं ऱ्हावा."

ते ऱ्हायले. कॉटची दांडी धरली, हलले न्हाईत. गुत्तेदाराच्या माणसानं फोन काढला. तवा सिस्टरनं मागची खोली उघडली. आत कॉटा होत्या. एकीवर एक रचलेल्या, नव्या, पायांना अजून प्लास्टिक. त्यातली एक त्या म्हातारीला आली. मायला चटईवर टाकलं तवाबी त्या तिथंच असतील.

चार-दोन दिवसांनी मायनं तिच्याच कॉटवर जीव सोडला. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं आधीच खराब झाली होती, आधी आणायला पायजे होतं.

"आधी आणलं होतं," मी म्हणाले.

ते पुढच्या पेशंटकडं गेले.

मातीच्या वेळी लोक म्हणाले, देवानं तिला विसावा दिला. मी तसं म्हणाले न्हाय, म्हणणारबी न्हाय. पास्टर अजून सांगत्यात, हेवा मनातनं काढ. मी तो काढणार न्हाय. त्याच्याबिगर मला कळलंच नसतं की आमचं काय आमाला मिळत न्हाय.

येत्या सोमवारी ट्रस्टच्या लोकांची बैठक हाय. मला बोलावणं न्हाय, पर मी घरोघर जाऊन सांगून आले. आमच्या वस्तीतल्या बाया येणार हाईत, मुसलमान गल्लीतल्या येणार हाईत, पाटलाच्या रानात खुरपणाऱ्याबी येणार हाईत. मागची खोली सगळ्यांसाठी उघडा, असं तोंडावर सांगणार. दारात अडवलं तर दारात बसू. तिथंच प्रार्थना करू, मोठ्यानं, आतल्यांना बोलता येणार न्हाय इतक्या मोठ्यानं.