शिशाचा पट्टा

स्कूबाची टाकी आणि श्वासाची नळी भाड्यानेच घ्यायची, तिथे जुगाड नको, एवढी अक्कल मला होती. पण पाण्याखाली राहायला लागणारा वजनाचा पट्टा विकत घ्यायचा? आरोंद्यासारख्या मासेमारीच्या गावात जन्मून शिसं दुकानातून आणायचं? छे!

काकांनी फाटक्या जाळ्याची शिशाची वजनं काढून दिली. जुन्या जीनचे कप्पे शिवून ती मी त्यांत भरली. झटक्यात सुटणारं बक्कल सावंतवाडीला बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे मिळालं. पट्टा बांधून मी अंगणात ऐटीत फिरत होतो, तेवढ्यात आई बाहेर आली.

"मासे धरूक जातंस?"

"नाय गो, नुसते बघूक."

"बघूक? मगे बाजारात जा!"

ती तरातरा आत गेली. मला वाटलं, रागावली. पण ती जाळीची पिशवी घेऊन आली आणि पट्ट्याला स्वतःच बांधली. "रिकाम्या हातान येव नको."

मालवणला बुडी शिकवणाऱ्याने पट्टा ओढून पाहिला. "बरो आसा," म्हणाला. मग त्याला पिशवी दिसताच मी ओशाळलो, तर तो हसत वळला. त्याच्याही पट्ट्याला मागे तसलीच पिशवी बांधलेली होती.