किशनराव ढगे आणि तलावावरचे चतुर

पाण्यात पाऊल टाकण्याआधी किशनराव ढगे काठीने तळ चाचपत. काठी गाळात दाबायची, उचलायची, वीतभर पुढे पुन्हा दाबायची आणि मगच पाय टाकायचा. दहा हात जायला त्यांना पाव तास लागे. हे आधीच सांगतो, कारण सरकारी कागदात त्यांच्याबद्दल एकच शब्द उरला आहे, 'निष्काळजीपणा'. तो मी लिहिलेला आहे.

आमच्या तलाव-बंधाऱ्यांच्या कचेरीत ते नकाशे काढत. मूळचे वसमतकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, कारकून. आबिड्सच्या बाजारात त्यांनी एक जुना घडीचा कॅमेरा घेतला होता. त्याच्या तोंडावर चष्म्याची जाड काच दोऱ्याने बांधून ते चतुरांचे आणि त्यांच्याच जातीच्या बारीक किड्यांचे, टाचण्यांचे, फोटो काढत. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी मिटून बसते, एवढा फरकसुद्धा मला त्यांनीच शिकवला. आमचा चपराशी हसायचा, "ढगेसाब, मच्छरांचे फोटू निकालके क्या करते?" यावर ते शांतपणे म्हणत, "अरे मियां, हा मच्छर खाऊन राहतो म्हणून तू रात्री झोपतोस."

दोन-तीनदा मीही त्यांच्याबरोबर शहराबाहेरच्या एका तलावावर गेलो. सकाळी पंखांवर दव असते, तोवर चतुर उडत नाही. किशनराव कमरेएवढ्या पाण्यात बगळ्यासारखे उभे राहत. मी जरा पुढे सरकलो की दबक्या आवाजात ओरडत, "अनंता, सावली! सावली पाडू नकोस रे. त्याला हजार डोळे आहेत, तुला दोन आहेत ते तरी वापर." आठ फोटोंच्या रोलमधला एखादाच चांगला निघे. तो ते कचेरीत आणत आणि मागे पेन्सिलीने जागा लिहीत: पूर्वेची कड, बाभळीसमोर.

त्या वर्षी आमच्या राज्याचे भाषावार तीन तुकडे व्हायचे ठरले. कचेरीत जमिनीवर तीन गठ्ठे पडले, मुंबई, म्हैसूर आणि आंध्र. माणसांच्याही याद्या निघत होत्या. मुंबईकडच्या यादीत नाव यावे म्हणून मी धडपडत होतो. गाव जवळ, बढतीची आशा. कामात कुणाचेच मन नव्हते. ज्याचा तलाव ज्या राज्यात जाणार, त्याचा कागद त्या गठ्ठ्यात फेकायचा, एवढेच चालले होते.

पावसाच्या तोंडावर माझ्या टेबलावर एक पत्र आले. बंधाऱ्याच्या दुरुस्तीसाठी ठेकेदाराने त्या तलावाच्या पूर्वेच्या कडेची माती खोल उपसली आहे, पाणी भरण्याआधी खड्ड्यांभोवती लाल झेंडे लावावेत, असे त्यात होते. माणसे पाठवायचे काम माझे. मी पत्र वाचले आणि आंध्राच्या गठ्ठ्यात टाकले. तलाव त्यांच्याकडे जाणार, मग झेंडेही त्यांचा कारकून लावील.

पाऊस झाला, तलाव भरला. खड्डे पाण्याखाली गेले. किशनराव रविवारी जातच होते, पण अजून काठावरूनच फोटो काढत. एका शनिवारी ते माझ्या टेबलाशी आले.

"अनंता, उन्हाळ्यात तिथं खोदकाम झालं म्हणतात. कुठवर झालंय रे? तुझ्याकडं कागद येतात. पाण्याच्या आतल्या लव्हाळ्यावर एक निळी टाचणी दिसली, काठावरून काही साधत नाही."

मी वरिष्ठांसाठी अर्ज खरडत होतो. मान वर न करता म्हणालो, "काही नाही हो. खुशाल जा."

"नक्की ना?"

"नक्की."

सोमवारी ते कचेरीत आले नाहीत. दुपारी तलावाकाठच्या गावातून निरोप आला. खड्ड्याची कड उभी कापलेली होती. काठीला माती घट्टच लागली असणार. अंगाचा भार पडला तेव्हा ती खचली. त्यांना पोहता येत नव्हते. कॅमेरा गळ्यातच होता.

वरिष्ठांनी मला बोलावले. "झेंडे लगे थे ना, मियां? नहीं लगे तो तुम्हारा नाम यादीसे गया समझो." मी जागेवर येऊन मागची तारीख घालून झेंडे लावल्याची नोंद केली, मग टिपण लिहिले: झेंडे लावले होते, मयताने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले, निष्काळजीपणा. शाई वाळायच्या आत वरिष्ठांची सही झाली. पुढे कचेरीत सगळेच म्हणू लागले, किड्यांच्या नादात वेडा माणूस बुडाला.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. सुमनवहिनींनी फोटोंचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"भावजी, हे पावसाळ्यातले. सगळे पूर्वेच्या कडेचे. बघा बरं."

मी पाहू लागलो. लव्हाळा, बाभळीची फांदी, कुंपणाची खुंटी, आणि प्रत्येकाच्या शेंड्यावर एक चतुर.

"उभी काडी दिसली की तो तिच्यावर बसतो, असं हे म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. "झेंड्याची काठी असती तर तिच्यावर बसला नसता का? आणि यांनी तो सोडला असता का? मी सगळे फोटो बघितले. काठी एकातही नाही."

मी फोटो पुन्हा पुन्हा वरखाली करत राहिलो.

"लोक म्हणतात, झेंडे दिसत असून गेले. पोरगाही आता विचारतो, बाबांना आमची काळजी नव्हती का? तुमच्या खात्याचं काम ते. तुम्हाला ठाऊक असेल. होते का झेंडे?"

"होते, वहिनी."

त्यांनी डबा बंद केला. "मग असतील," एवढेच म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी मुंबईच्या यादीत आलो. औरंगाबादेत बढती मिळाली, निवृत्तीही तिथेच झाली. वहिनी आज नाहीत. मुलगा सिकंदराबादला असतो, त्याचीही साठी उलटली. हे लिहून झाले की पहिली प्रत त्याला पाठवणार आहे.

बाळा, झेंडे लावले नव्हते. तुझ्या वडिलांनी जाण्याआधी मला दोनदा विचारले होते.