कायदा बदलला, अक्का

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, भागीदारापुढे नाही — आणि मी तसा भरपूर बोलणारा माणूस आहे, जळगावात कुणालाही विचारा. बजेट आलं की दिवसभर माझा फोन थांबत नाही. नवी पद्धत घेऊ की जुनी, दुकान बायकोच्या नावावर करू का, केळीचं उत्पन्न दाखवायचं कुठं — विचारा, मी सांगतो. पंचवीसेक वर्षं कर सल्लागार आहे आणि काम चोख करतो. हे मी नाक वर करूनच सांगतो, कारण ते खरं आहे.

आता खोटं काय ते सांगायचंय. सांगतोच — पण आधी वेफर्सचं ऐका.

एरंडोलला एक अक्का आहेत. केळीच्या वेफर्सचा कारखाना चालवायच्या. कारखाना म्हणजे घरामागे पत्र्याची शेड, दोन मोठ्या कढया आणि गल्लीतल्या नऊ बायका. उपासाच्या दिवसांत तर त्यांना मान वर करायला फुरसत नसे. सगळा माल मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचा एक व्यापारी उचलायचा. पाकिटावर अक्कांचं नाव छापलेलं, खाली जीएसटीचा नंबर. जीएसटी नुकताच आला होता, तो नंबर मीच काढून दिला होता.

पुढे तो व्यापारी फिरला. अक्का काही रडत बसल्या नाहीत, आपल्याच जिल्ह्यातल्या दुकानांना माल द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, झकास. परराज्यात विक्री नाही, म्हणजे तुम्हाला कंपोझिशनमध्ये, छोट्या धंद्यांच्या सवलतीच्या योजनेत, जाता येतं. त्यात विक्रीवर टक्काभर कर भरला की सुटलो. नाहीतर नाव छापलेल्या पाकिटातल्या वेफर्सवर तेव्हा बारा टक्के होते, आणि एवढा कर चढवून शेजारच्या घरगुती मालापुढे टिकायचं कसं? अट एकच — अर्ज मार्च संपायच्या आत करायचा. एप्रिल लागला की वर्षभर दार बंद.

माझ्या टेबलासमोर बसून अक्कांनी विचारलं होतं, “भाऊ, मार्चना आत व्हई जाई ना? मी दुकानदारस्ले भाव सांगी टाकेल शे.”

मी म्हटलं, झालं समजा.

मार्चच्या शेवटच्या दिवशी मी धुळ्याला होतो. व्यापाऱ्यांचा मेळावा, माझं भाषण. विषय — हसू नका — मार्चअखेरचं कर नियोजन. ‘तारीख चुकवू नका’ असं मी माइकवर तीनदा सांगितलं. टाळ्या पडल्या. शाल, नारळ, मग झणझणीत शेवभाजीचं जेवण, मग चार लोकांचं कोंडाळं आणि कौतुक. अक्कांचा अर्ज माझ्या डायरीत लिहिलेला होता. डायरी माझ्या बॅगेत होती, बॅग माझ्या पायाशी. कामाचा ताण होता म्हणू? नव्हता. मी मजेत होतो.

दोन एप्रिलला अक्का आल्या. नव्या पाकिटांचा नमुना घेऊन आल्या होत्या, मला दाखवायला.

काय अवघड होतं? “अक्का, विसरलो” — एवढंच तर म्हणायचं होतं. त्या चिडल्या असत्या, चार शब्द सुनावले असते. आणि मग आम्ही बसून वाट काढली असती — हे वर्ष माल कमी काढा, पुढच्या मार्चला मी स्वतः अर्ज भरतो. बाई खमकी होती, तिनं वर्ष काढलं असतं. पण मी चुकत नाही ना. माझी तीच तर ओळख. तोंडातून निघालं —

“कायदा बदलला, अक्का. आइस्क्रीमवाल्यांना ती सवलत नाही ना, तसं आता वेफर्सवाल्यांनाही नाही.”

आइस्क्रीमचं खरं होतं. म्हणून तर थाप पचली. आमच्या धंद्यात ही थाप सगळ्यात सोपी. कायदा बदलतच असतो, आणि काय बदललं हे लोक आम्हालाच येऊन विचारतात. माझी थाप पकडायला अक्का कुणाकडे जाणार होत्या — माझ्याकडेच?

त्यांनी वाद घातला नाही. “कायदा बदलना तं तुमी काय करशात, भाऊ,” म्हणाल्या. माझीच समजूत काढली. हे मला आजही बोचतं.

श्रावणापर्यंत त्यांनी रेटलं. मग शेड बंद केली, कढया विकल्या. नऊच्या नऊ बायका परत दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाऊ लागल्या. पुढच्या मार्चला अर्ज करता आला असता, मला ते पक्कं ठाऊक होतं — पण अक्कांना सांगणार काय? कायदा परत बदलला? तेवढी थाप मारायचीही माझी हिंमत झाली नाही. मारली असती तर निदान कारखाना तरी उघडला असता.

आणि गोष्ट एरंडोलात थांबली नाही. वर्षभराने बोदवडहून एका अनोळखी बाईचा फोन आला. वेफर्सचं काम सुरू करायचंय, पण एरंडोलच्या अक्का म्हणतात वेफर्सवाल्यांना सवलत नाही — खरं का? मी म्हटलं, बघून सांगतो. बघायचं काय होतं? मी तिला फोन केलाच नाही. तिनं धंदा सुरू केला की नाही, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी कायदा खरोखर बदलला. वेफर्सवरचे बारा टक्के पाचावर आले. अक्कांचा फोन आला, “भाऊ, पेपरमा उनं शे. तवा बदलेल कायदा आते परत बदलना का?”

किती सरळ प्रश्न. खरं सांगायला यापेक्षा चांगली वेळ कुठली येणार होती? मी म्हटलं, हो अक्का, तसंच समजा.

“सरकारले उशिरा अक्कल उनी,” म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसलो. कारखाना पुन्हा काढायचा का, असं मी विचारलं. आता गुडघे कढईपुढे उभं राहू देत नाहीत, म्हणाल्या. नुसतं खात्री करायला फोन केला होता.

दरवर्षी दिवाळीला त्या मला घरचे वेफर्स पाठवतात. छापलेली पाकिटं अजून संपलेली नाहीत, त्यातच भरून. वर त्यांचं नाव, खाली मी काढून दिलेला नंबर. आमच्या घरात सगळे आवडीने खातात. मीही खातो.

सरकारने वेफर्सवाल्यांची सवलत कधी काढलीच नव्हती. मी धुळ्याला शेवभाजी खात होतो.