किनुएताईंचा गुरुवार

मी मूळची ओसाकाची. आमच्याकडे मासळीवालासुद्धा गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावतो, आणि गिऱ्हाईक ते सव्याज परत करतं. लग्न होऊन इकडे नीगाताच्या बर्फात आले तेव्हा वाटलं, काय गोड माणसं आहेत! शेजारीण भेटेल तेव्हा म्हणायची, "किती पहाटे उठून बर्फ काढता हो तुम्ही!" मी आपली खूश. हिवाळा संपता संपता नवऱ्याने समजावलं, की बाई गं, तुझ्या फावड्याच्या आवाजाने तिची झोप मोडते, असं ती सांगतेय. तेव्हापासून मी कान टवकारून असते, तरी निम्मं डोक्यावरून जातं.

गावातल्याच आमच्या किनुएताईंच्या डोक्यावरून मात्र काही जात नसे. एकदाच गेलं होतं, आणि त्या एका वेळेची धास्ती त्यांनी पुढे कायम बाळगली.

आमचं गाव स्वेटरचं. शाळा सुटल्या सुटल्या किनुएताई कारखान्यात लागल्या, ते केस पिकेपर्यंत. काम स्वेटरच्या अंगाला गळपट्टी जोडायचं. एक गोल तबकडी असते, तिच्या कडेने बारीक टोकं, आणि विणीचा एकेक टाका नजरेने धरून एकेका टोकावर चढवायचा. एक टाका सुटला की गळा उसवलाच. नवरा लवकर गेला, मुलगा शिकून तिकडे तोक्योजवळ साइतामाला राहायला गेला, पण तबकडी होती.

एका शरद ऋतूत कारखान्याचे मालक स्वतः घरी आले. हातात कापडात बांधलेला मिठाईचा डबा. आत यायला तयार होईनात, दारातल्या उंबऱ्याच्या फळीवरच टेकले. म्हणाले, "इतकी वर्षं केलंत. आता तब्येतीला जपा." किनुएताईंना तेव्हा खोकला झाला होता. मालकांना आपली एवढी काळजी, म्हणून त्यांना भरून आलं. वाकून वाकून आभार मानले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाचा डबा घेऊन कामावर हजर झाल्या.

त्यांच्या तबकडीपुढे एक कोवळी पोरगी बसली होती. बाकीच्या बायका माना खाली घालून टाके चढवत राहिल्या.

"मग एकीने मला चहा आणून दिला," किनुएताईंनी मला सांगितलं होतं. "पाहुण्याला देतात तसा. तो प्यायले, कप विसळून ठेवला आणि घरी आले."

"मेल्याला दोन शब्द सरळ बोलता आले नसते?" मी उखडलेच.

"छे छे, असं नका म्हणू. ते बोलले होते. मलाच कळलं नाही."

असं होतं ते. दोष मालकाचा नाही, आपल्या कानांचा. पुन्हा कधी म्हणून असं दारात उभं राहायची पाळी येऊ द्यायची नाही, अशी त्यांनी गाठच मारली होती.

शाळा सुटल्यावर ज्या मुलांच्या घरी कुणी नसतं, ती संध्याकाळपर्यंत गावच्या सभागृहात माझ्याकडे असतात. एका गुरुवारी किनुएताई तिथे पिशवी घेऊन आल्या. सुताराकडून लाकडाची कडी कापून घेतली होती आणि त्यांवर स्वतः गोल डोक्याचे खिळे ठोकले होते. बंद पडलेल्या कारखान्यांमधली उरलीसुरली लोकर त्यांच्या कपाटात ढिगाने. खिळ्याखिळ्याला लोकरीचा वेढा द्यायचा, वर दुसरा वेढा, मग आकड्याने खालचा उचलून खिळ्याच्या डोक्यावरून आत टाकायचा. असं गोल गोल केलं की कड्याखालून टोपी उतरायला लागते. सुया सांभाळता न येणारी पोरंसुद्धा जमवतात. दंगेखोर कार्टी अशी गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तेव्हापासून दर गुरुवार किनुएताईंचा.

मुलाचं चुकलं तर किनुएताई 'चुकलं' म्हणायच्या नाहीत. स्वतःचं कडं घेऊन शेजारी बसायच्या, तीच चूक करायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "अगंबाई, माझा टाका सुटला वाटतं! आता काय करायचं बरं?" मुलं सांगायची, त्या सुधारायच्या, आणि मूल मुकाट्याने आपलंही सुधारायचं.

ही युक्ती पकडली चिहारूने. दुसरीतली मुलगी, तोक्योहून नव्याने आलेली. बाप तिकडेच राहिला. आई, रित्सुको, वृद्धाश्रमात कामाला, उशिरा सुटायची. चिहारू रागीट. लोकर इतकी ओढून घ्यायची की टाका खिळ्यावरून निघेच ना.

"अगं, गळा काय दाबतेस लोकरीचा?" किनुएताई म्हणायच्या. "तिने काय केलंय तुझं?"

"आजी, तू मुद्दाम चुकतेस ना?"

"मी? मी कशाला बाई?"

"मुद्दामच चुकतेस. माझं चुकलं तर मला सांग ना. मी काही रडत नाही."

तेव्हापासून चिहारूला त्या सांगू लागल्या. अख्ख्या गावात तिला एकटीला. "चुकलं," म्हणायच्या, आणि म्हणताना स्वतःच लाजायच्या. चिहारू गुरुवारी शाळेतून धावत यायची. इतर दिवशी चालत.

त्या हिवाळ्यात बर्फ फार. किनुएताई सभागृहाच्या पायऱ्यांवर घसरल्या. लागलं नाही, पण रित्सुकोने ते पाहिलं. पुढच्या गुरुवारी कामातून मुद्दाम मधेच वेळ काढून ती आली. हातात मिठाईचा डबा. लेकीला एवढी लोकर मिळते, एवढं शिकवतात, तर परतफेड नको का? ही आपली रीतच आहे. आत यायला वेळ नव्हता, कामावर परत पळायचं होतं, म्हणून दारातच टेकली. आणि म्हणाली, "आजी, एवढ्या बर्फातून नका हो येत जाऊ. तब्येतीला जपा."

मी तिथेच मुलांना संत्री सोलून देत होते. मला वाटलं, चांगली पोर आहे. किनुएताई नेहमीपेक्षा जास्त खाली वाकल्या, एवढंच दिसलं. मग त्यांनी कडी पुसून पिशवीत न भरता मुलांच्या फळीवर रचून ठेवली. चिहारूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी भेटू हं."

पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. फोन केला तर जराशी सर्दी. त्यानंतर मुलगा यायचाय. त्यानंतर छपरावरचा बर्फ. मी तडक घरी गेले. कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, रजईत पाय घालून बसल्या होत्या, समोर मुळ्याचं लोणचं आणि चहा. तब्येत ठणठणीत.

"किनुएताई, झालंय काय?"

"काही नाही हो. मुलांच्या आयांना अवघडल्यासारखं होतं. म्हाताऱ्या माणसाने वेळेवर बाजूला व्हावं."

मग डबा, दार, ते वाक्य, सगळं बाहेर आलं. मी कपाळावर हात मारला. "अहो, ती पोर तोक्योची! तुम्ही पडलात म्हणून काळजीने म्हणाली. नुसतं तेवढंच!"

"हो हो, काळजीनेच," त्या हसून म्हणाल्या. "तुम्ही किती समजूत घालता हो."

आता याला काय करायचं? मी जितकं जीव तोडून सांगावं तितकं त्यांना वाटे, बाई किती सांभाळून घेतेय! मी रित्सुकोला सांगितलं. ती बिचारी हादरली. आणखी मोठा डबा घेऊन गेली आणि कपाळ चटईला टेकवून क्षमा मागून आली. झालं, आगीत तेल. एवढी क्षमा मागते म्हणजे मनात होतंच, असं किनुएताईंनी पक्कं केलं. मला इतका संताप आला, दोघींचा आणि त्या दोन्ही डब्यांचा, की घरी येऊन मी नवऱ्यावर ओरडले. त्याचा काही संबंध नव्हता.

इकडे मुलं विणतच होती. टाके बंद करून टोपी कड्यावरून उतरवायची कशी, ते किनुएताईंनी शिकवलं नव्हतं. ते काम त्या स्वतः करायच्या. टोप्यांच्या बाह्या झाल्या, बाह्यांचे अजगर झाले. मी एकाची उतरवायला गेले आणि सगळे टाके घरंगळले. तो पोरगा भोकाड पसरून रडला.

आणि चिहारू गुरुवारी आतच येईना. सभागृहाच्या दारात, चपलांच्या फळीपाशी, कडं मांडीवर घेऊन बसायची. तिथे बाहेरचा वारा सरळ अंगावर येतो.

"आत ये गं."

"आजी येणारे. भेटू म्हणाली."

"मोठी माणसं तसंच म्हणतात," आतून एक मुलगा ओरडला. "एवढंपण कळत नाही? तोक्योची येडी!"

दर गुरुवारी ती बसली. मग एका गुरुवारी सरळ आत आली, इतरांत बसली, दाराकडे तिने एकदाही पाहिलं नाही. गोड आवाजात "बाई, मी मदत करू का?" म्हणाली. मला धस्स झालं. तिचा राग मला परवडला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी किनुएताईंकडे गेले. या वेळी समजूत घालायला नाही. झालं ते सांगितलं, सरळ.

"पण ते... भेटू, हे आपलं म्हणायचं म्हणून..." किनुएताई म्हणाल्या, आणि थांबल्या. चेहरा उतरत गेला. समोरची लोणच्याची बशी त्यांनी उगाच बाजूला सरकवली. मग हळूच विचारलं, "तिला चहा दिला का हो कुणी?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरुवारी त्या आल्या. बर्फ पडतच होता, काठी टेकत आल्या. मुलांनी एकच गलका केला, अजगर घेऊन सगळी दाराकडे धावली. चिहारू शेवटी उठली. दारापाशी येऊन नीट गुडघे टेकून बसली, हात पुढे ठेवून वाकली, हुबेहूब आईसारखी. "एवढ्या बर्फातून आपण आलात, फार आभारी आहोत. आमच्यासाठी आपण त्रास घेऊ नये."

यावर काय म्हणायचं, हे गावातल्या कुठल्याही बाईला झोपेतही येतं. आपणही वाकायचं, तितकंच गोड काहीतरी बोलायचं आणि मिटवून टाकायचं. किनुएताई वाकल्या नाहीत. बूटही न काढता तिच्यासमोर खालच्या फरशीवर बसल्या.

"चिहारू, मी चुकले. कुणी येऊ नको म्हणालं असं मला वाटलं, आणि मी विचारलंसुद्धा नाही. भ्याले. तू इथे बसून राहिलीस. मला तुमच्यात यायचंय गं. मला घेशील?"

या गावात इतकी वर्षं काढली, पण असं उघडं बोलणं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. वाटलं, आता चिहारू त्यांच्या गळ्यात पडते.

"नाही," ती म्हणाली.

स्वच्छ, मोठ्याने. आतल्या मुलांनासुद्धा ऐकू गेलं. मी पुढे व्हायला गेले, तर किनुएताईंनी हातानेच मला थांबवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान मात्र त्या होकारार्थी हलवत होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग पुढच्या गुरुवारी परत विचारते." आणि उठून न जाता तिथेच, चपलांच्या फळीला टेकून बसून राहिल्या.

चिहारू आत गेली. कडं घेतलं, वेढे द्यायला लागली, लोकर करकचून ओढत. संत्री वाटून झाली तरी तिने मान वर केली नाही. मग एकाएकी कडं खाली आपटलं आणि दारात येऊन उभी राहिली.

"आजी, तिथे वारा लागतो. आत ये. पण मी अजून नाहीच म्हणतेय."

"कळलं गं," किनुएताई म्हणाल्या, आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या.